विकतचा साक्षीदार

खरा साक्षीदार विकत मिळत नाही, असे जाणती माणसे सांगत आली आहेत. मी मात्र दोन वर्षांपूर्वी एक विकत आणला आणि मोटारीच्या पुढच्या काचेला, आरशाच्या पाठीमागे, चिकटवून ठेवला. चुन्याच्या डबीहून थोडा मोठा असा तो डॅशकॅम मोटार सुरू होताच डोळा उघडतो आणि ती थांबेपर्यंत समोर घडेल ते टिपून ठेवतो. त्याचे टिपण वाचून पाहण्याचे माझ्या कधी मनात आले नव्हते. देवघरातल्या पोथीप्रमाणे तो आहे, एवढाच दिलासा मला पुरे होता.

गेल्या आषाढात ती पोथी उघडण्याची वेळ आली. पुण्यातली भरपावसातली संध्याकाळ. नुकतीच दिवेलागण झालेली. मी घराच्या गल्लीत डावीकडे वळलो आणि त्याच क्षणी डाव्या अंगाने आलेली एक स्कूटर मोटारीच्या कोपऱ्याला घासून पुढ्यात आडवी झाली. पाठीवर जेवणाच्या पुड्यांची चौकोनी पिशवी असलेला एक विशीतला मुलगा ओल्या रस्त्यावर बसलेला दिसला. सुदैवाने त्याचे कोपर सोलवटण्यापलीकडे काही झाले नाही. स्कूटरचा दिवा मात्र फुटला आणि पुढचा पत्रा वाकला.

"काका, तुम्ही इंडिकेटर दिलाच नाही," तो म्हणाला.

मी दिला होता. दांडी खाली केल्याचे माझ्या बोटांना आठवत होते. मी बराच आवाज चढवून त्याला बोललो आणि शेवटी म्हणालो, "माझ्याकडे पुरावा आहे. चित्रण पाहू, मग नुकसानीचे बोलू." पुराव्याचे नाव निघताच तो गप्प झाला. त्या गप्प बसण्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला.

घरी येऊन मोबाइलवर चित्रण पाहिले, तो दिव्यांच्या जागी पिंजलेला कापूस आणि मुलाच्या जागी एक सावली! ओल्या रस्त्यावर माझ्या इंडिकेटरची पिवळी उघडझाप उमटली असेल अशी माझी खात्री होती. पण मुळात रस्ताच दिसेना. साक्षीदाराची दृष्टी इतकी अधू का, याचा शोध घेण्यात माझे पुढचे आठ दिवस गेले.

पहिला शोध असा लागला की, मोबाइलवर दिसते ती पुष्कळदा मूळ चित्राची हलकी नक्कल असते. मूळ चित्र पाहायचे तर कार्ड काढून संगणकात घालावे लागते. धक्का बसताच तेवढा तुकडा यंत्राने कुलूपबंद केला होता हे माझे नशीब. एरवी कार्ड भरले की जुन्यावर नवे गिरवले जाते. संगणकावर कापसाचे धागे थोडे सुटे झाले, इतकेच.

मग भिंग पाहिले. दुकानातून येताना त्यावर असलेला पारदर्शक पापुद्रा दोन वर्षे तसाच होता! तो सोलला. नंतर काच पाहिली. बाहेरून ती वायपरने रोज पुसली जाते; पण उन्हात तापलेल्या मोटारीतल्या प्लास्टिकमधून निघणारी वाफ आतल्या बाजूला जमून तेलकट साय धरते, आणि समोरून दिवा आला की ती साय उजळते. ओल्या फडक्याने ती पुसली, तेव्हा फडके काळे झाले. गणपतीखाली अंथरलेला पांढरा रुमालही काचेत उलटा उमटत होता. अशी प्रतिबिंबे अडवणारे काळसर भिंग मिळते. पण ते रात्रीचा उजेडही खाते. मी रुमालच काढला.

पुढे यंत्राची मांडणी तपासली. ते 1920 गुणिले 1080, म्हणजे सुमारे 20 लाख ठिपक्यांचे चित्र काढू शकत होते; मी त्याला 1280 गुणिले 720 वर, निम्म्याहूनही कमी ठिपक्यांवर, राबवत होतो. ते सुधारले, तरी पुढच्या मोटारीचा नंबर वाचता येईना. तेव्हा कागद घेऊन बसलो. भिंगाचा आवाका 140 अंशांचा. म्हणजे ढोबळ हिशेबाने एका अंशाला 14 ठिपके. अर्धा मीटर लांबीची नंबराची पाटी 10 मीटरांवरून तीन अंशांहूनही कमी जागा व्यापते. तिच्या वाट्याला 40 ठिपके, आणि दहा अक्षरांत वाटले तर एकेका अक्षराला चार! चार ठिपक्यांत पाच आणि सहा यांतला फरक कोण दाखवणार? त्यातून अंधारात प्रत्येक चित्रासाठी डोळा अधिक वेळ उघडा ठेवावा लागतो. सेकंदाचा तिसावा भाग म्हटला, तरी ताशी 40 किलोमीटरने जाणारे वाहन तेवढ्यात 37 सेंटिमीटर पुढे सरकते आणि चित्र फरफटते.

आठवड्याअखेर चित्र पुष्कळच स्वच्छ येऊ लागले. पण ते नव्या दिवसांचे! त्या संध्याकाळची काच आज पुसता येत नव्हती. दरम्यान त्या मुलाचा दोनदा फोन येऊन गेला. स्कूटर दुरुस्तीला पडून होती आणि तिच्यावाचून त्याची रोजची कमाई बंद होती. "चित्र अजून स्पष्ट झाले नाही," हेच मी त्याला दोन्ही वेळा सांगितले.

त्या रात्री मी पुन्हा तो तुकडा लावून डोळे ताणत बसलो असता पत्नीने विचारले, "अहो, आवाज का बंद ठेवलाय?"

कारण सांगायला मला संकोच वाटला. त्या मुलाला मी जे बोललो होतो तेही त्यात होते, आणि ते पुन्हा ऐकण्याची माझी इच्छा नव्हती. तिने हात पुढे करून आवाज सुरू केला. टपावर पावसाचे थेंब वाजत होते. वायपरची घसर ऐकू येत होती. मी काहीतरी गुणगुणत होतो. वळण आले. घासल्याचा आवाज झाला, पत्रा खणाणला. आणि त्यानंतर, दोन श्वासांनी, सुरू झाली इंडिकेटरची टिकटिक.

बोटांना आठवत होते ते खोटे नव्हते. दांडी मी खाली केलीच होती. फक्त मुलगा पडल्यावर. पुढचे मागे आणि मागचे पुढे करून मनाने मला निर्दोष ठरवले होते, आणि मी त्यावर शपथ घ्यायला तयार होतो. आठ दिवस मी यंत्राच्या डोळ्यावरची झापड काढत होतो. त्याचा कान पहिल्यापासून स्वच्छ होता आणि तोच मी बंद ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी त्याला घरी बोलावले, झाले ते सांगितले आणि दुरुस्तीचे व बुडालेल्या दिवसांचे पैसे दिले. त्याने ते मोजले नाहीत. चहाचा पेला खाली ठेवून तो म्हणाला, "काका, मीही जरा जोरातच होतो." त्याला हे सांगायला कोणत्याही चित्रणाची गरज पडली नाही.

तो गेल्यावर पत्नी काही बोलली नाही. मीही बोललो नाही. वळणावरची ती टिकटिक पूर्वी मला कटकट वाटे. हल्ली गाणे गुणगुणत असलो, तरी वळणापूर्वी मी थांबतो आणि ती ऐकू येते की नाही याची आधी खात्री करून घेतो.