कागलहून शोधलं तर निपाणी दिसते का?

निपाणीत लग्नासाठी जागा शोधणारं कुटुंब एका भाषेत शोधत नाही. मुलीकडचे कागलचे असले तर 'मंगल कार्यालय' म्हणतात. मुलाकडचे गोकाकचे असले तर 'कल्याण मंटप' म्हणतात. पुण्यात नाहीतर बंगळुरात नोकरीला असलेला नवरदेव मोबाइलवर इंग्रजीत 'मॅरेज हॉल' टाइप करून मोकळा होतो. लग्न एकच आणि जागाही एकच, पण तिघं तीन वाटांनी तिच्यापर्यंत येतात. या पट्ट्यात वेबसाईटचं रँकिंग सुधारायला बसलेल्या माणसाला सगळ्यात आधी याच गोष्टीशी सामना करावा लागतो.

मी बेळगावात, टिळकवाडीत बसून छोट्या व्यवसायांच्या वेबसाईटची कामं करतो. निपाणीजवळ महामार्गालगत असलेल्या एका मंगल कार्यालयाचं काम असंच एका ओळखीतून आलं. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. कार्यालय जुनं, चांगलं नावाजलेलं. तरी फोनवर येणारी चौकशी बहुतेक जुन्या गिऱ्हाइकांच्या नातेवाइकांचीच. अण्णांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "वेबसाईट हाय की आमची. मग कागलच्या माणसाला दिसत का नाही वो?"

कागल महाराष्ट्रात, निपाणी कर्नाटकात, मध्ये कोगनोळीचा टोलनाका. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, पण सोयरिकी काही नकाशा बघून जुळत नाहीत. कोल्हापूर, कागल, गडहिंग्लज, संकेश्वर, चिकोडी ही सगळी एकमेकांच्या वऱ्हाडाची गावं. त्यामुळे अण्णांचा प्रश्न साधा नव्हता. त्यांचं निम्मं गिऱ्हाईक दुसऱ्या राज्यात राहतं.

वेबसाईट उघडली आणि कारण समोर आलं. पान दिसायला देखणं होतं: वर फुलांनी सजवलेलं स्टेज, खाली सोयींची यादी, भाडं, नियम, पत्ता. पण त्या मजकुरातलं एक अक्षरही अक्षर नव्हतं. सगळी चित्रं होती. गावातल्या डीटीपीवाल्याने हॉलचं माहितीपत्रक श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत जुळवलं होतं. वेबसाईट करणाऱ्याने तो मजकूर उचलून पानावर चिकटवला, तेव्हा मराठीच्या जागी रोमन अक्षरं, कंस, स्वल्पविराम आणि चौकोनांची रांग उमटली. म्हणून त्याने माहितीपत्रकाचे फोटोच टाकून दिले.

यात दोष त्या दोघांचाही नाही. जुन्या फॉन्टांत 'क'च्या जागी आतून कुठलं तरी रोमन चिन्ह साठवलेलं असतं आणि फॉन्ट त्याला 'क'चा आकार देतो. फॉन्ट काढून घेतला की मराठी संपते. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१पासून स्वतःचे क्रमांक आहेत, पण आपल्याकडची छपाई, पत्रिका, दिवाळी अंकांची पानं पुढे कितीतरी वर्षं जुन्या फॉन्टांतच होत राहिली. मराठी दैनिकांच्या सुरुवातीच्या अनेक संकेतस्थळांवरही वाचायच्या आधी फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. त्या काळातला कितीतरी मराठी मजकूर इंटरनेटवर असूनही शोधात येत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. सीमाभागातल्या संस्थांचे अहवाल, व्याख्यानमालांची पत्रकं, गावांच्या स्मरणिका, सगळं कुणीतरी कष्टाने जुळवलेलं आहे आणि शोधणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

गुगलचा रोबो पानावर येतो, मजकूर वाचतो, त्याची नोंद आपल्या अनुक्रमणिकेत करतो आणि कुणी काही शोधलं की त्या नोंदींतून उत्तरं लावतो. अण्णांच्या पानावर त्याला कार्यालयाचं इंग्रजी नाव आणि एक फोन नंबर एवढंच सापडत होतं. 'निपाणी' हा शब्द देवनागरीत कुठेच नव्हता. मग कागलच्या माणसाने मराठीत शोधल्यावर गुगल त्याला कोल्हापुरातली कार्यालयं दाखवी, कारण त्यांच्या पानांवर वाचण्यासारखं काहीतरी होतं.

यावर आधी एक इलाज करून झाला होता. बाहेरगावच्या एका एजन्सीने 'पहिल्या पानाची गॅरंटी' देऊन अण्णांकडून वर्षाचे पैसे घेतले होते. त्यांनी काय केलं ते पानाच्या आत पाहिल्यावर दिसलं. कीवर्डच्या मेटा टॅगमध्ये गावांच्या नावांची लांबच लांब यादी होती. हा टॅग आपण क्रमवारीसाठी वापरत नाही, असं गुगलने सप्टेंबर २००९मध्येच जाहीर केलेलं आहे. पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'बेस्ट मॅरेज हॉल' पुन्हा पुन्हा लिहिलं होतं. गुगलच्या नियमांत ही सरळ फसवणूक धरली जाते. आणि कुठल्या कुठल्या परदेशी, औषधांच्या आणि जुगाराच्या साईटवरून विकत घेतलेल्या लिंका होत्या. अशा लिंकांवर उभ्या राहिलेल्या साईट, गुगलने एप्रिल २०१२मध्ये क्रमवारीच्या पद्धतीत केलेल्या 'पेंग्विन' बदलात धडाधड खाली आल्या होत्या. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे गुगल स्वतः लिहून सांगतं. छोट्या गावातल्या व्यावसायिकाला मात्र हे सांगायला कुणी येत नाही. त्याच्याकडे येतो तो गॅरंटीवालाच. घाम गाळून मिळवलेला पैसा असा जाताना पाहिला की संताप येतो.

पांढरी अक्षरं काढली, टॅग काढला. मग नव्याने लिहायचं काय, हा खरा प्रश्न होता.

त्याचं उत्तर अण्णांच्या सूनबाईंकडे होतं. बुकिंगचे फोन त्याच घेतात. त्यांना विनंती केली की फोनवर लोक जे विचारतात ते जसंच्या तसं वहीत लिहून ठेवा. वही भरत गेली. ताटं-वाट्या तुमच्या की आचाऱ्याने आणायच्या? हळद आदल्या दिवशी इथेच करता येईल का? वऱ्हाडाची एसटी आत वळते का? वधूपक्षाच्या खोल्यांना गरम पाणी आहे? मांसाहारी जेवण चालतं का? लाइट गेली तर जनरेटर कशाकशाला पुरतो? साउंड किती वाजेपर्यंत? या शेवटच्या प्रश्नाला कायद्याचं उत्तर आहे: २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. बाकीची उत्तरं सूनबाईंना पाठ होती. आम्ही ती वही, तिच्यातल्याच शब्दांत, पानावर आणली. 'अत्याधुनिक सुविधांनी सुसज्ज भव्य वास्तू' हे वाक्य गेलं आणि तिथे 'भटारखान्यात चार चुली, पाण्याची टाकी वेगळी' असं आलं. वेबसाईटवर लिहिण्याजोगं सगळ्यात मोलाचं असं जे असतं ते मालक रोज तोंडाने बोलतच असतात, ते कागदावर यायचं राहून गेलेलं असतं, असा माझा अनुभव आहे.

यानंतर पत्ता. पत्त्यात काय अवघड, असं कुणालाही वाटेल. पण इथल्या पत्त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ गेल्या काही वर्षांत बदललेली आहे. जुन्या बिलबुकावर 'एन. एच. ४, ता. चिकोडी, जि. बेलगाम' असं छापलेलं. महामार्ग आता ४८ क्रमांकाचा झाला. निपाणी हा स्वतंत्र तालुका झाला. २०१७-१८च्या कर्नाटक अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या नव्या तालुक्यांत तो होता. आणि १ नोव्हेंबर २०१४पासून राज्यातल्या बारा शहरांची इंग्रजी नावं बदलली, त्यात 'बेलगाम'चं 'बेळगावी' झालं. खुद्द निपाणीचं इंग्रजी स्पेलिंग कुणी एक 'पी' घालून करतं, कुणी दोन. मराठीत 'बेळगाव' लिहिणारे आहेत तसे जुन्या वळणाने अनुस्वार देऊन 'बेळगांव' लिहिणारेही आहेत.

बेलगाम आणि बेळगावी ही एकाच शहराची नावं आहेत हे गुगलला कळतं, याबद्दल शंका नाही. अडचण निराळीच असते. इंटरनेटवरच्या वेगवेगळ्या याद्यांमध्ये वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या माणसांनी हॉलची नोंद केलेली होती. एका नोंदीत जुना तालुका, दुसरीत नवा. एकीत बंद पडलेला लँडलाइन, दुसरीत मोबाइल. नकाशावर एकाच इमारतीच्या दोन खुणा पडल्या होत्या आणि लोकांनी लिहिलेले अभिप्राय त्या दोन्हींत वाटले गेले होते. खरं तर या कामात सगळ्यात जास्त वेळ गेला तो ही निस्तरानिस्तर करण्यात. एकेक नोंद शोधायची, मालकी सिद्ध करायची, पत्ता एकसारखा करायचा, दुबार नोंद काढून टाकण्यासाठी अर्ज करायचा आणि वाट बघायची. नव्या पानावर आम्ही आजचा पत्ता ठळक दिला आणि खाली साध्या वाक्यात लिहिलं की पूर्वी हा भाग चिकोडी तालुक्यात येई. जुनी पत्रिका हातात धरून शोधणाऱ्यालाही खात्री पटली पाहिजे.

पाटीचा मुद्दा याहून नाजूक. नकाशावरचं व्यवसायाचं नाव प्रत्यक्ष पाटीवरच्या नावाशी जुळलं पाहिजे, असा गुगलचा नियम आहे. २०२४ साली कर्नाटकाने कायद्यात दुरुस्ती करून पाटीवरची साठ टक्के जागा कन्नडला देणं बंधनकारक केलं. तेव्हा अण्णांच्या पाटीवर वर मोठ्या अक्षरांत कन्नड, खाली मराठी आणि इंग्रजी. नकाशात नाव लिहायचं कुठल्या लिपीत? शेवटी पाटीवर तिन्ही भाषांत जे नाव समान आहे तेवढंच ठेवलं, पुढे गावांची आणि सोयींची शेपूट लावली नाही. वेबसाईटवर मात्र मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशी तीन स्वतंत्र पानं करायचं ठरलं, आणि ती एकमेकांची भावंडं आहेत हे गुगलला सांगणारी खूण प्रत्येकावर घालायची. त्या खुणेत भाषा लिहिता येते, देश लिहिता येतो. राज्य लिहायची सोय नाही. निपाणीत लिहिलेलं मराठी पान आणि पुण्यात लिहिलेलं मराठी पान तिथे एकाच रांगेत बसतं. सीमाभागातल्या माणसाला ही गोष्ट किती दिलासा देणारी आहे, हे बाहेरच्याला कदाचित समजणार नाही.

फोटोंचं काम सोपं होतं, पण करायलाच हवं होतं. फोटोग्राफरने दिलेले मोठमोठे फोटो तसेच चढवले होते, त्यामुळे खेड्यातल्या नेटवर्कवर पान उघडेपर्यंत माणूस मागे फिरे. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा गुगलचा दंडक आहे. शिवाय गुगल आता साईटची मोबाइलवरची आवृत्तीच तपासतं. फोटो बारीक केले, आपोआप हलणारी चित्रमाला काढली.

राहिला कागलचा प्रश्न. जवळपासच्या ठिकाणांची क्रमवारी लावताना गुगल तीन गोष्टी पाहतं: शोधलेल्या गोष्टीशी मेळ, शोधणाऱ्यापासूनचं अंतर आणि ठिकाणाची ख्याती. पैसे देऊन ही क्रमवारी वाढत नाही. अंतराच्या हिशेबात राज्याची सीमा आडवी येत नाही, पण कागलच्या माणसाला कोल्हापूरही निपाणीइतकंच हाताशी आहे, आणि कोल्हापूर शहर मोठं. अंतर आपल्याला बदलता येत नाही, म्हणून मेळ आणि ख्याती यांच्यावरच मेहनत घ्यायची. 'कागलहून कसं यावं', 'गडहिंग्लजकडून संकेश्वरमार्गे येताना' असे खरे उपयोगी परिच्छेद लिहिले. प्रत्येक गावाच्या नावाने एकेक पोकळ पान काढायचा सल्ला एकाने दिला होता. तो मी मानला नाही. तसली पानंही गुगलच्या नियमांत बसत नाहीत आणि वाचणाऱ्याचा वेळ खातात.

अभिप्रायांबाबत अण्णांची एक सूचना होती: पाच तारे देणाऱ्याला भाड्यात सूट देऊ. हेही नियमात बसत नाही. त्याऐवजी लग्न पार पडल्यावर हिशेब मिटवताना सूनबाई नुसतं सांगतात, "मामा, जसं वाटलं तसं दोन ओळी लिहा, तुमच्या भाषेत." काहींनी तक्रारीही लिहिल्या, पार्किंगमधल्या चिखलाबद्दल. अण्णांनी मुरूम टाकून घेतला आणि त्या तक्रारीखाली तसं उत्तर लिहिलं.

परिणाम दिसायला वेळ लागतो. केलेल्या सुधारणांचा फायदा दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते वर्ष लागतं, असं गुगलच्याच लोकांनी २०१७मध्ये सांगितलेलं आहे आणि अण्णांना मी ते सुरुवातीलाच सांगितलं होतं. पावसाळा संपून तुळशीची लग्नं जवळ आली तशी सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साईट कुठल्या शोधांत दिसते ते सांगणाऱ्या गुगलच्या साधनात, हालचाल दिसू लागली. त्यात सगळ्यात पुढे होतं ते रोमन अक्षरांत टाइप केलेलं मराठी, 'निपाणी मंगल कार्यालय', तेही तऱ्हेतऱ्हेच्या स्पेलिंगांनी. देवनागरीतले शोध त्याखालोखाल. कागल आणि मुरगूडकडून फोन येऊ लागले. 'वेबसाईटवर वाचलं, एसटी आत वळते म्हणून,' असं सांगून एका कुटुंबाने तारीख धरली.

नुसतं 'मॅरेज हॉल' असं इंग्रजीत शोधलं तर मात्र आजही वर दिसतात ती लग्नाच्या मोठ्या पोर्टलांची पानं. त्यांच्याशी झुंजायचं बळ एका गावातल्या एका हॉलकडे नाही आणि त्यासाठी अण्णांनी खर्च करावा असं मला वाटतही नाही. ऑगस्ट २०२४पासून भारतात गुगलने शोधाच्या वरच एआयने रचलेली उत्तरं द्यायला सुरुवात केली, आधी इंग्रजी आणि हिंदीत. त्यामुळे लिंका आणखी खाली सरकतात. ही उत्तरंसुद्धा कुणीतरी लिहिलेल्या मजकुरातूनच बनतात, म्हणून निपाणीबद्दल निपाणीकरांनी लिहिणं आता आधीपेक्षा जास्त निकडीचं झालं आहे.

कन्नड पान अजून पुरं व्हायचं आहे. मराठीवरून यंत्राने भाषांतर करून टाकलं असतं तर ते केव्हाच झालं असतं, पण चिकोडीकडचे लोक फोनवर कन्नडमध्ये वेगळंच विचारतात, हे सूनबाईंच्या लक्षात आलं आहे. त्यांनी त्यासाठी दुसरी वही घातली आहे आणि या लग्नसराईत ती भरते आहे.