लोहगडाच्या माथ्यावरून

छायाचित्रे काढण्याचा छंद पुष्कळांना असतो. कोणी फुलांची चित्रे घेतो, कोणी पाखरांची, तर कोणी घरच्या लग्नकार्याची. माझा छंद त्या मानाने जरा चमत्कारिकच म्हटला पाहिजे. मी दर वर्षी एकाच जागेवर उभा राहून एकाच दृश्याचे छायाचित्र घेतो. “तेच ते पुन्हा काय काढायचे?” असे माझे मित्र मला विचारतात. मी वाद घालीत नाही. दहा वर्षांच्या अंतराने घेतलेली दोन चित्रे त्यांच्यापुढे ठेवतो. मग ‘तेच ते’ हे शब्द पुन्हा कोणाच्या ओठांवर येत नाहीत.

ही जागा म्हणजे लोणावळ्याजवळच्या लोहगडाचा माथा. मळवली स्थानकावर उतरावे, भाजे गावावरून चढ चढावा आणि गणेश, नारायण, हनुमान व महादरवाजा हे चार दरवाजे ओलांडून वर जावे. शिवाजी महाराजांनी १६४८ साली हा गड घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला आणि १६७० साली तो पुन्हा स्वराज्यात आला. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून मान्य केले, त्यांत लोहगडही आहे. बोरघाटाने वर येणाऱ्या वाटेवर येथून नजर ठेवता येत असे. पहारेकऱ्यांसाठी निवडलेली जागा छायाचित्रकारालाही सोयीची ठरावी, यात नवल नाही.

माझे काही नियम आहेत. पावसाळा सरून कार्तिक लागला म्हणजे मी गडावर जातो. त्या दिवसांत हवा धुऊन काढल्यासारखी स्वच्छ असते. सकाळचे तिरपे ऊन पडले की प्रत्येक बांधाची सावली रेखीव दिसते. कॅमेरा ठेवण्याची शिळा ठरलेली आहे आणि भिंगही तेच असते. जागा किंवा वेळ बदलली, तर खालचा मुलूख बदलला की माझे पाहणे बदलले, हे कसे कळावे?

उत्तरेकडे पाहिले की इंद्रायणीचे खोरे दिसते. पायथ्याशी भाज्याची लेणी आहेत, समोरच्या डोंगरात कार्ल्याची. दोन्ही लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. कोकणातील बंदरांतून घाटावर येणारे व्यापारी याच बाजूने जात, म्हणून भिक्षूंनी येथे डोंगर कोरले. पुढे १८६३ साली बोरघाटातून आगगाडी वर आली, आणि २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. नदी, रेल्वे, जुना महामार्ग आणि नवा मार्ग माझ्या चित्रात एकमेकांच्या शेजारून जातात. वाहने बदलली, पण डोंगराने दाखविलेली वाट माणसाने सोडलेली नाही.

बदलले आहे ते वाटेच्या दोन्ही बाजूंचे रान. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली ‘इंद्रायणी’ हे सुवासिक भात दिले. कार्तिकात त्याची खाचरे सोन्यासारखी पिवळी होतात. माझ्या जुन्या चित्रांत हा पिवळा रंग सलग पसरलेला आहे. पुढच्या चित्रांत त्याचे तुकडे होत जातात. मधूनमधून बंगल्यांची लाल कौले, पत्र्यांची निळी छपरे आणि काँक्रीटचा करडा रंग डोकावू लागतो.

हे पाहून मन खिन्न होते. परंतु नुसते हळहळणेही न्यायाचे नाही. ज्या रस्त्याने भाताचे खाचर गिळले, त्याच रस्त्याने आजारी माणूस वेळेवर पुण्याच्या रुग्णालयात पोहोचतो. तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत खेड्यातील मुलांना काम मिळते. चित्रात बंगला दिसतो. तेथील जमीन कोणी कोणत्या गरजेपोटी विकली, हे मात्र दिसत नाही. उंचावरून मुलूख मोठा दिसतो, पण माणसे दिसेनाशी होतात.

हे मला एका आजींनी शिकविले. गडाच्या दक्षिणेला पवनेचा विस्तीर्ण जलाशय आहे. त्याच्याभोवती तुंग आणि तिकोना उभे आहेत. मी माझी चित्रे पायथ्याच्या एका घरी दाखवीत होतो. सारे जण त्या निळ्या पाण्याची वाखाणणी करीत होते. आजींनी मात्र पाण्याच्या मधोमध बोट ठेवले आणि त्या म्हणाल्या, “बाबा, हितं आमचं गाव व्हतं. ह्या अंगाला चिंच, अन् तिच्याखाली पार. पानी यायच्या आधीचं एखादं चित्र हाय का तुमच्याकडं?”

माझ्याजवळ ते नव्हते. पवना धरण १९७२ साली पूर्ण झाले, तेव्हा आजी लहान मुलगी होत्या. उन्हाळ्यात पाणी ओसरले की वाघेश्वराचे जुने दगडी मंदिर वर येते, पण आजींची चिंच काही वर येत नाही. त्या धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडच्या लक्षावधी घरांत पोहोचते. त्या घरांतील मुलांना त्या चिंचेची वार्ताही नसेल.

मी विचारले, “आजी, गावातल्या जागांची नावे सांगाल?” त्यांनी ओढ्याचे, शेतांचे, पाणवठ्याचे नाव सांगितले. ती मी चित्राच्या पाठीमागे लिहून घेतली. तेव्हापासून गडावरून उतरल्यावर मी थेट घरी जात नाही. पायथ्याच्या गावांत बसतो, चित्र पुढे ठेवतो आणि कोणते खाचर कोणाचे, कोणत्या माळाला काय म्हणतात, हे विचारतो. बोरघाटातील जुना अमृतांजन पूल २०२० साली पाडला गेला. त्याची चित्रे हजारो लोकांनी काढलेली असल्यामुळे तो विसरला जाणार नाही. एखाद्या खाचराचे चित्र कोण काढणार आणि त्याचे नाव कोण लिहून ठेवणार?

तुमच्या गावाजवळही एखादी टेकडी, देवळाची गच्ची किंवा पाण्याची टाकी असेल. मोठ्या माणसांना बरोबर घेऊन तेथे जा आणि एक चित्र घ्या. कॅमेरा नसेल तर कागदावर रेखाटा. मग घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून त्यावर नावे लिहा. ती नावे ठाऊक असणारी माणसे आज आपल्याजवळ आहेत, तोवरच हे काम करून घेतले पाहिजे.