तबकडीची दुसरी बाजू

गेल्या भाऊबीजेच्या दुपारी जेवणे आटोपून मंडळी ओटीवर सुपारी कातरीत बसली असता आमच्या थोरल्या नातवात व धाकट्या नातीत वाद जुंपला. वादाचा विषय कानी पडताच मी प्रथम उठून जाण्याच्या बेतात होतो, हे प्रांजळपणे कबूल करतो. बीटल्स नावाची जी चार इंग्रज गवयांची मंडळी १९७० साली फुटली, तिची उत्तम गाणी कोणती, मोठ्या तबकडीवरची की लहान तबकडीच्या पाठीमागची, असा तो विषय होता. ज्या ओटीवर आमच्या आजोबांच्या वेळी व्याकरणाच्या एकेका पंक्तीवर प्रहर प्रहर खल चाले, तेथे ही पाळी यावी, असे मनात आले. पण सारा जन्म शाळेत काढलेल्या माणसाला दोन मुले मुद्देसूद भांडताना दिसली म्हणजे तेथून उठवत नाही.

ज्या तरुण वाचकांनी घरी फोनो पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. लहान तबकडी सात इंच व्यासाची, मिनिटास पंचेचाळीस फेरे घेणारी. तिच्या हर बाजूस बहुधा एकेक गाणे. जे खपावे, रेडिओवर वाजावे, असे कंपनीस वाटे ते पुढच्या बाजूस. आणि मागची बाजू कोरी ठेवता येत नाही म्हणून तेथे दुसरे एखादे. मोठी तबकडी तेहेतीस फेऱ्यांची. तिच्यावर बारा-चौदा गाणी एका माळेत ओवलेली असत, तिलाच अल्बम म्हणतात. त्या काळी विलायतेत असा प्रघात होता की, लहान तबकडीवर निघालेले गाणे पुष्कळदा मोठीवर घेत नसत. गिऱ्हाइकाने एकाच मालाचे पैसे दोनदा का मोजावे? व्यापारातली ही सचोटी मला फार आवडली. मात्र तिच्यापायी १९६७ च्या फेब्रुवारीत लहान तबकडीवर निघालेली 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' व 'पेनी लेन' ही दोन नामांकित गाणी त्याच वर्षीच्या 'सार्जंट पेपर' या अल्बमातून गळाली, आणि ध्वनिमुद्रणाचे सूत्रधार जॉर्ज मार्टिन यांना त्याची पुढे जन्मभर हळहळ वाटली.

नातवाचा पक्ष अल्बमाचा. तो म्हणे, 'सार्जंट पेपर' मध्ये प्रत्येक गाण्याला आपली जागा आहे. जॉर्ज हॅरिसन याचे हिंदी वाद्यांवरचे पाच मिनिटांचे गाणे दुसऱ्या बाजूच्या आरंभी येते आणि शेवटी हशा ऐकू येतो. त्या हशाची गंमत मागचे-पुढचे ऐकल्यावाचून कळायची नाही. पाठीमागचे गाणे म्हणजे वऱ्हाडाबरोबर फुकट जेवून जाणारा पाहुणा! याला त्याने दाखलाही दिला. आमच्याच पांचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' १९७५ साली निघाले, तेव्हा त्याच्या पाठीवर बसलेल्या मोटारीवरील गाण्याच्या कर्त्यालाही तबकडीच्या विक्रीतला वाटा पुढच्या गाण्याइतकाच मिळाला. शिवाय बीटल्सांच्या 'लेट इट बी' च्या पाठीमागे काय होते? निव्वळ थट्टेचे, अर्थहीन गाणे.

नात काही कमी नव्हती. तिने १९६६ चे 'रेन' पुढे केले. त्यातले वाद्यवादन जलद वाजवून मागाहून संथ केलेले आहे, शेवटी गाणाऱ्याचा आवाज उलटा फिरवलेला आहे, आणि तबलजीच्या जागी ढोल बडवणारा रिंगो स्टार आपली उत्तम कामगिरी म्हणून याच गाण्याकडे बोट दाखवतो. तिचे म्हणणे असे की, पाठीमागे कोणाचे लक्ष नसते, म्हणूनच तेथे माणूस धाडस करतो. मग १९६७ चे 'आय अ‍ॅम द वॉलरस' लावले. ते मला मुळीच रुचले नाही. पण मुलीचा मुद्दा त्यामुळे खोटा ठरत नाही.

आता माझ्याने राहवेना. मी म्हटले, "बाळांनो, हा वाद तुमचा नव्हे, हा प्रबंध आणि मुक्तक यांचा वाद आहे. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त अमरूच्या एकेका सुट्या श्लोकाला प्रबंधाची योग्यता दिली, त्याला हजाराहून अधिक वर्षे लोटली. आणि संग्रहाबाहेर राहिले म्हणून हलके, हे तर मुळीच नाही. श्रीसूक्त घ्या. ते ऋग्वेदाच्या मूळ संहितेत नाही, खिलांत आहे. तरी या घरात ते जितके म्हटले जाते तितके कोणत्या मंडलातले सूक्त म्हटले जाते?"

"आबा," नातू म्हणाला, "श्रीसूक्त खिल आहे म्हणून म्हणत नाहीत, लक्ष्मी यावी म्हणून म्हणतात!" सारी ओटी हसली. मीही हसलो.

त्यावर नातीने ठेवणीतले अस्त्र काढले: १९६८ च्या मार्चमधील 'लेडी मॅडोना' या तबकडीच्या मागचे 'द इनर लाइट'. केंब्रिजचे संस्कृतज्ञ ह्वान मास्कारो, ज्यांचे गीतेचे इंग्रजी भाषांतर १९६२ साली प्रसिद्ध झाले, त्यांनी हॅरिसनला पत्र लिहून चिनी 'ताओ ते चिंग' मधील एका प्रकरणास चाल लावण्याचे सुचवले. घराचा उंबरा न ओलांडता जग जाणता येते, असा त्याचा आशय. वाई सोडून कधी कोठे न राहिलेल्या मला तो अर्थातच पटला. पण खरे नवल पुढेच. या गाण्याचे वादन १९६८ च्या जानेवारीत आपल्या मुंबईस, फोर्टात फिरोजशहा मेहता रस्त्यावरील एचएमव्हीच्या स्टुडिओत झाले. सरोद आशिष खान यांची, बासरी हरिप्रसाद चौरसिया यांची. गायन तेवढे फेब्रुवारीत लंडनला झाले, आणि बाकीच्यांपैकी दोघांचा आवाज अगदी शेवटी काय तो मिसळतो. बीटल्सांच्या लहान तबकडीवर हॅरिसनची स्वतःची रचना प्रथम आली ती हीच, आणि तीही पाठीमागे! अल्बमात शिरायला तिला १९७८ पर्यंत थांबावे लागले. हॅरिसनने पुढे सांगितले की, स्टुडिओला आवाजाचा बंदोबस्त नसल्यामुळे साडेपाचाला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरच्या पावलांच्या आवाजाने मुद्रण थांबवावे लागे.

इतका वेळ कोपऱ्यातील आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेले माझे धाकटे काका एकदम म्हणाले, "ती तबकडी माझ्याजवळ होती."

काकांचे वय ८४. ते त्या वेळी फोर्टात एका कचेरीत कारकून होते. सुटीत घरी येत तेव्हा फोनो बरोबर आणीत. आणि वडिलांच्या धाकाने तो माळ्यावरच्या खोलीत दार लावून वाजे. मी तेव्हा नऊ वर्षांचा. खाली ओटीवर रूपावली घोकताना वरून एक बासरी ऐकू येई, ती शेजारच्या रेडिओवरची असे मला वाटे.

"दुसरी बाजू अधिक झिजली होती," काका म्हणाले. "आमची कचेरी दोन गल्ल्या पलीकडे होती. साडेपाचाला जिना उतरताना आम्हीही काही कमी दणदणाट करीत नव्हतो." मग माझ्याकडे वळून, "माळ्यावर असेल का रे ती अजून?"

वाचकहो, जे अडतीस वर्षे कोणाला सांगितले नाही ते मला तेथे, नातवंडांच्या देखत, सांगावे लागले. १९८६ साली माळा साफ करताना काकांची तबकड्यांची पेटी मी रद्दीबरोबर वजनावर घातली होती. हा विलायती गोंगाट घरातून गेला ते बरेच झाले, असे तेव्हा वाटले होते. काकांना विचारावे असे मनातही आले नाही. आणि काकांनीही इतक्या वर्षांत कधी पेटीची चौकशी केली नव्हती.

ओटीवर सुपारीचा अडकित्तासुद्धा थांबला.

"किती दिले त्याने?" काकांनी विचारले.

"सात रुपये."

"कागदासकट?"

"कागदासकट."

काकांनी मान हलवली आणि नातीला खूण केली. तिने आपल्या फोनवर ते गाणे लावून त्यांच्या कानाशी धरले. अडीच-पावणेतीन मिनिटांचे ते गाणे. तीच बासरी. शेवटी दुसरे आवाज मिसळले तेव्हा काकांनी बोट वर केले, म्हणजे ती जागा त्यांना अजून पाठ होती.

"परत लाव," ते म्हणाले, आणि मला खुर्चीजवळ बोलावून घेतले. "इकडे बस. कोणी जिना उतरते आहे का, नीट ऐक."