हाटपिपल्याचा तरता देव आणि आपले ‘म्हणे’

देवास सोडून आग्नेयेच्या वाटेस लागले, की चामुंडेची टेकडी बराच वेळ प्रवाशाची पाठराखण करीत राहते. भाद्रपदात हा प्रवास विशेष सुखाचा होतो. माळव्याची काळी माती पावसाने तृप्त झालेली असते आणि दोन्ही अंगांस सोयाबीनची शेते दाटलेली असतात. अशा वाटेने आम्ही हाटपिपल्यास पोहोचलो. हाट आणि पिंपळ ही दोन्ही गावाच्या नावातच सामावलेली आहेत. सन १९७७ मध्ये मध्य प्रदेशाचे मुख्यमंत्री झालेले कैलाश जोशी यांचा जन्म याच गावी १४ जुलै १९२९ रोजी झाला. ही गोष्ट कागदोपत्री नोंदलेली आहे. तिच्याविषयी कोणी वाद घालीत नाही. आम्हांस ओढून नेले ते मात्र कागदावर न मावणाऱ्या दुसऱ्याच एका गोष्टीने.

भाद्रपद शुद्ध एकादशीस माळव्यात डोलग्यारस म्हणतात. आपल्या घरी गौरी-गणपतीची गडबड असते त्याच दिवसांत येथे मंदिरांतील देव डोलात बसून जलाशयावर जातात. हाटपिपल्याच्या नृसिंह मंदिरातील पाषाणाची मूर्ती या दिवशी भमोरी नदीवर नेतात व पुजारी ती पाण्यावर सोडतात. मूर्तीचे वजन साडेसात किलो सांगतात. ती बुडत नाही, क्षणभर तरते, असा लोकांचा अनुभव आहे. हे तीन वेळा करावयाचे असते. एकदा तरली तर वर्षाचे चार महिने सुखाचे, दोनदा तरली तर आठ, आणि तीनदा तरली तर बाराही महिने चांगले, असा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

काठावर माणसांची ही दाटी होती. आम्हांस दिसले ते पुढच्यांचे फेटे, उंचावलेले हात आणि मधूनच चमकणारे पाणी. जयघोष मात्र स्पष्ट ऐकू आला. कितीदा तरली, हे आम्हांस कळले ते एका तोंडून दुसऱ्या तोंडी येत आलेल्या शब्दांनी. म्हणजे नदीपासून पन्नास पावलांवर उभे राहूनही आम्ही ऐकीव साक्षीचेच धनी ठरलो!

सायंकाळी चहाच्या दुकानात विषय निघाला. धान्याचे एक आडतदार ठामपणे म्हणाले, “माट्‌साब, तीनदा, आणि तिसऱ्यांदा तर चांगली दूरवर गेली.” शेजारच्या खेड्यातील शेतकऱ्याचे मत पडले, की दोनदा स्वच्छ तरली, तिसऱ्या वेळी पुजाऱ्यांचा हात फार जवळ होता. एका वृद्धेने आणखी मागचा दाखला काढला. दुष्काळाच्या एका वर्षी मूर्ती एकदाच तरली होती, असे ती अगदी डोळ्यांपुढे घडल्यासारखे सांगत होती; चौकशी करता कळले, की ते वर्ष तिच्या लग्नापूर्वीचे आणि तिचे माहेर तर दुसऱ्याच गावी!

यांतील खोटे कोण बोलले? आमच्या मते कोणीच नाही. आडतदाराचे सारे वर्ष चांगल्या पिकावर अवलंबून. त्याच्या डोळ्यांनी तिसरी खेप लांबवली. शेतकऱ्यावर पेरणीचे कर्ज. त्याच्या भयाने ती आखूड केली. वृद्धेने सासरी ऐकलेली गोष्ट इतक्या वेळा सांगितली होती, की ऐकलेले आणि पाहिलेले यांमधील बांध केव्हाच वाहून गेला होता. लबाड माणूस सत्य जाणून ते लपवितो. ही माणसे आपापले सत्यच सांगत होती. पण त्यांच्या साक्षीवर न्यायाधीशाने निकाल द्यावा, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. शिवाय भविष्याची आठवण पुष्कळदा वर्ष सरल्यावर पक्की होते. पाऊस रुसला तर तिसरी खेप कशी अपुरी होती हे सर्वांस आठवते. धान्याची रास पडली तर तीच खेप पूर्ण भरते.

पदार्थविज्ञानाचा शिक्षक म्हणेल, की सामान्य दगड पाण्याच्या अडीचपट जड असतो, म्हणून तो बुडणारच. ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड मात्र तरू शकतो. विद्यार्थ्याने हे विचारावे आणि शिक्षकाने स्पष्ट सांगावे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु तेवढ्याने नदीकाठचा प्रश्न सुटत नाही. नृसिंह हा दैवतच मुळी संधिप्रकाशाचा. धड माणूस नाही, धड पशू नाही. घरात नाही, बाहेर नाही. दिवस नाही, रात्र नाही. हिरण्यकशिपूने वराच्या शब्दांची तटबंदी उभारली आणि देवाने शब्दांच्या फटीतूनच प्रवेश केला. सत्य आणि असत्य यांच्यामध्ये उंबरठा असतो, आणि पुष्कळशा कथा त्या उंबरठ्यावरच नांदतात.

ज्या देवासवरून आम्ही आलो, तेथे १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार राहिला होता. ‘अ पॅसेज टू इंडिया’ ही त्याची कादंबरी १९२४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील एक इंग्रज तरुणी गुहेत आपल्यावर हात टाकला गेला असा आरोप एका हिंदी डॉक्टरवर करते आणि भर न्यायालयात तो मागे घेते. गुहेत घडले काय, हे लेखक शेवटपर्यंत सांगत नाही. तो सांगतो ते निराळेच. प्रत्येक पक्ष आपल्याला हवे ते सत्य आधीच ठरवून बसला, आणि त्यापायी एक निरपराध माणूस चिरडला जाण्याची वेळ आली. हाटपिपल्याच्या चहाच्या दुकानात मतभेद झाला, तरी सारे एकाच किटलीतला चहा प्याले. न्यायालयात तोच मतभेद कोणाच्या मानेवर सुरी ठरू शकतो. म्हणून कथा कोठे सांगितली जाते, हेही पाहिले पाहिजे.

इंदूरच्या आपल्या बांधवांस आडा बाजाराची कथा सांगावयास नकोच. मालेरावांच्या रथाखाली वासरू सापडले. अहिल्याबाईंनी पुत्रास तीच शिक्षा फर्मावली. पण रथासमोर गाय आडवी आली, म्हणून तो आडा बाजार. इतिहास सांगतो, की मल्हारराव १७६६ मध्ये वारले, मालेराव गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी आजारात त्यांचा अंत झाला. आईनेच पुत्राचा शेवट घडवला, अशी कुजबुज सर जॉन माल्कम यांच्याही कानी आली होती. १८२३ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी ती नोंदवली, आणि पुरावा बाईंच्या निर्दोषत्वाचाच आहे असा निर्वाळा दिला. आता गंमत पाहा. गाय, वासरू, राजपुत्र आणि रथ यांची हीच कथा तमिळ देशात तिरुवारूरच्या मनुनीती चोळ राजाविषयी कित्येक शतकांपूर्वीपासून सांगितली जाते. न्यायी राजाची कथा देशभर फिरत असते आणि योग्य माणूस दिसताच त्याच्या दारी उतरते. अहिल्याबाईंच्या दारी ती उतरली, हीच त्यांच्या न्यायाविषयीची लोकांची साक्ष होय. तिला घटनेचा पुरावा मात्र समजू नये.

हा विचार आम्हांस घरापर्यंत घेऊन आला. महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांत एक तरी पूर्वज असा असतोच, की जो शिंदे-होळकर-पवारांच्या घोड्यामागून आला आणि पानिपतावरून जखमी होऊन परतला. सर्वच घराण्यांचे पूर्वज परतले असते, तर पानिपतावर पडले कोण? राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, त्यात अस्सल पत्रांशेजारी बखरी ठेवून बखरींतील चुका दाखवल्या. तरी बखरी कोणी नदीत सोडल्या नाहीत. काय घडले हे पत्रांवरून कळते. लोकांनी ते मनात कसे बाळगले हे बखरींवरून कळते.

मग नातवंडांस काय सांगावे? आजोबांची गोष्ट खोटी म्हणून मोडावी, की खरी म्हणून गळी उतरवावी? आमच्या भाषेने याचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. ते उत्तर म्हणजे ‘म्हणे’ हा इवलासा शब्द. ‘मूर्ती तरली’ आणि ‘मूर्ती तरली म्हणे’ या दोन वाक्यांत साक्षीदार आणि श्रोता यांच्यामधील सारे अंतर मावले आहे. ‘आटपाट नगर’ म्हटले, की मूल नकाशा मागत नाही. ‘म्हणे’ म्हटले, की ऐकणाऱ्याने विश्वासाचे माप स्वतः ठरवायचे असते. परक्या भाषेच्या शेजारात आपल्या घरांतून हा शब्द हळूहळू गळू लागला आहे. तो गळाला, की ऐकीव गोष्ट पाहिलेल्याचा तोरा मिरवू लागते.

पितृपक्षात घरोघरी पूर्वजांची नावे निघतील. त्या वेळी वडीलधाऱ्यांकडून कुळाची कथा अवश्य ऐकावी आणि वहीत उतरून घ्यावी. कोणी सांगितली, त्यांनी कोणाकडून ऐकली, स्वतः काय पाहिले, हे शेजारी लिहावे. दोन काकांचे सांगणे जुळले नाही, तर दोन्ही लिहावीत. एकास खोडून दुसऱ्यास मोठे करू नये. पुढच्या पिढीस त्यांतून सत्य निवडण्याची संधी तरी उरेल. आणि लिहिताना वाक्याच्या शेवटचा तो ‘म्हणे’ तेवढा गाळू नये.