वाट किती वेळ पाहायची?

आमच्या वांकिडीत पाहुण्याला "किती वाजता येता?" असे सहसा कुणी विचारत नाही. "कोणत्या गाडीने येता?" असे विचारतात. घड्याळ ज्याचे त्याचे असते, गाडी मात्र सगळ्यांची एकच असते, एवढे साधे शहाणपण त्यामागे आहे.

वांकिडी आसिफाबाद-राजुरा रस्त्यावरचे गाव. १९५६ पर्यंत राजुरा तालुका आमच्याच आदिलाबाद जिल्ह्यात होता. भाषावार राज्यरचनेत तो आधी नांदेडला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्याला जोडला गेला. आम्ही इकडेच राहिलो. २०१४ साली तेलंगण झाले, २०१६ साली कुमरम भीम आसिफाबाद हा नवा जिल्हा झाला. पाट्या बदलत गेल्या, सोयरीक मात्र जागची हलली नाही. मावशी तिकडे, मामा इकडे. त्यामुळे भेट ठरवणे हा आम्हा सीमेवरच्या माणसांचा जणू जोडधंदाच होऊन बसला आहे.

पूर्वी निरोप बाजारकरूंच्या हाती जाई. 'पुढच्या बाजारी येतो' म्हटले की झाले. त्या निरोपात आठवडाभराची ऐसपैस जागा असे आणि ती दोन्हीकडच्यांना ठाऊक असे. मग एस.टी.डी.चे बूथ आले, मग मोबाईल आले. निरोप क्षणात पोचू लागला आणि तो अर्धाच धाडण्याची सवय लागली. 'पोचलो की फोन करतो' हा त्यातलाच. ज्याला फोन करायचा तो त्या वेळी डोंगराआडच्या गुड्यावर, टॉवरच्या टप्प्याबाहेर असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही.

तुम्हा महाराष्ट्रातल्या वाचकांची कोजागिरी म्हणजे आटीव दूध आणि गच्चीवरच्या गप्पा. आमच्याकडे आश्विन पौर्णिमेला जोडेघाटची वाट गजबजते. निजामाच्या राजवटीविरुद्ध उभा राहिलेला गोंड वीर कुमरम भीम १९४० साली जोडेघाटला मारला गेला. त्याचा स्मृतिदिन तिथीप्रमाणे या पौर्णिमेला पाळतात. अशा वेळी तिकडून कुणी ना कुणी मला विचारतो, "गोंडी आणि तेलुगू जाणणारा एखादा सोबती गाठून द्याल का?" मी देतो.

एका पौर्णिमेला असेच राजुऱ्याकडचे एक निवृत्त मास्तर यायचे होते. माझ्याकडून नंबर घेऊन त्यांनी जवळच्या गुड्यावरच्या एका गोंड तरुणाला स्वतःच निरोप धाडला : 'उद्या सकाळी येतो. स्टँडवर भेटू.' तो बिचारा उजाडताच स्टँडवर येऊन बसला. मास्तर चहा-फराळ आटोपून, गाडीत जागा मिळवून उतरले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. तोवर तो निघून गेला होता. संध्याकाळी मला म्हणाला, "भाऊ, मले सकारी म्हनलं होतं. सकार झाली तवा मी आलो. आता तुमच्या पाहुण्यासंगं मी नाही येत."

दिवस कापसाच्या पहिल्या वेच्याचे होते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. त्यातही सकाळच्या उन्हाआधीचे तास मोलाचे. नंतर पाठ भाजते आणि हात मंदावतो. मास्तरांचा प्रवास लांबला, इतकेच. त्या पोराचे सकाळचे किलो गेले. वाट पाहणे सर्वांना सारख्या भावात पडत नाही, हे भेट ठरवणाऱ्याने आधी ध्यानात घ्यावे.

आमच्याकडे भाषेचीही एक गंमत आहे. मराठीत 'परवा' मागेही जातो आणि पुढेही. तेलुगूत गेलेला तो 'मोन्न' आणि येणारा तो 'एल्लुंडि'. घोटाळ्याला जागा नाही. उलट आमचे 'पावणेनऊ' तेलुगू कानाला अवघड जाते. तो 'पाव' आणि 'नऊ' ऐकतो आणि सव्वानऊ समजून बसतो, कारण त्याच्या भाषेत ही वेळ 'एनिमिदि मुप्पावु', म्हणजे आठ आणि वर पाऊण. म्हणून मी निरोपात पावणे-सव्वा ठेवतच नाही. 'आठ पंचेचाळीस' म्हणतो आणि ऐकणाऱ्याकडून एकदा वदवून घेतो.

दोन्ही भाषांत एक गोष्ट मात्र सारखी आहे, आणि ती हिंदीत नाही. आपले 'आपण' आणि 'आम्ही' तसे तेलुगूचे 'मनमु' आणि 'मेमु'. 'आपण जाऊ' म्हटले की ऐकणारा त्यात आला. 'आम्ही जाऊ' म्हटले की तो बाहेर राहिला. मास्तरांच्या निरोपात यातले काहीच नव्हते. येणार कोण, किती जण, तो सोबत जाणार की नुसती वाट दाखवणार, दिवसभराची मजुरी कोण देणार, सगळे अधांतरी.

दिवाळीत मास्तरांना दंडारी पाहायची होती. मोरपिसांचे मुकुट घातलेले गुसाडी नाचताना त्यांनी कधी पाहिले नव्हते. तरुण तयार नव्हता. शेवटी मी म्हटले, "निरोप मी लिहितो. पटला तर ये." आदल्या दिवशी संध्याकाळी, तो टॉवरच्या टप्प्यात असताना, मास्तरांना विचारूनच हे धाडले : 'आम्ही तिघे येतो. उद्या आपण चौघे तुमच्या गुड्यावर जाऊ. वांकिडी स्टँडवर नऊ वाजता भेटू. साडेनऊपर्यंत वाट पाहा, मग खुशाल वेचायला जा. चुकामूक झाली तर दुपारी तीनला त्याच जागी. दिवसाची मजुरी आमच्याकडे.'

मास्तरांना शेवटून तिसरे वाक्य जरा झोंबले. "म्हणजे तो आम्हाला सोडून जाणार?" मी म्हटले, "मास्तर, ते वाक्य आहे म्हणूनच तो येणार."

आणि झालेही तसेच. २०२३च्या मार्चपासून महाराष्ट्राच्या एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे, आणि डिसेंबरपासून तेलंगणच्या साध्या व एक्स्प्रेस गाड्यांत इथल्या बायकांचा प्रवास फुकट. चांगलेच झाले, बायाबापड्या माहेरी जाऊ लागल्या. पण सणासुदीला पहिल्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. मास्तरांना दुसरी गाडी मिळाली. ते दहाला उतरले तेव्हा पोरगा ठरल्याप्रमाणे साडेनऊला निघून गेला होता. मास्तर माझ्याकडे जेवले, लवंडले. तीनला तो स्टँडवर हजर. कुणी कुणाची माफी मागितली नाही, कारण कुणी शब्द मोडलाच नव्हता. गुड्यावर पोचेतो दिवेलागण झाली, आणि नाच रंगतो तो रात्रीच.

दंडारीचा मेळा दिवाळीत एका गुड्याहून दुसऱ्या गुड्याला पाहुणा म्हणून जातो. यजमान गावाला चुलींवर मोठी भांडी चढवायची असतात. कधी येणार आणि किती येणार, हे आधी कळलेच पाहिजे. मास्तर ते सारे पाहत होते. रात्री पोराच्या आईने त्यांना पानावर बसवले तेव्हा ते मला हळूच म्हणाले, "यांना आपण काय निरोप शिकवणार हो?"

त्या 'आपण'मध्ये त्यांनी मलाही धरले होते. मी हसून मान हलवली आणि भाकरी पुढे ओढली.