पेटी चढली, मास्तर

"पेटी चढली, मास्तर. गळा पोचंना झालाय," असं म्हणत घनसावंगीकडचे एक आबा दोन-तीन वर्षांनी एकदा माझ्या दुकानात पेटी आणून ठेवतात. मी झाकण उघडतो, एकेक पट्टी दाबून सूर तपासतो. पेटी होती तिथेच असते. आतली सूर देणारी पितळेची जिभली धुळीनं, गंजानं, वापरानं जराशी उतरू शकते; आपसूक चढत नाही. उतरलेला असतो तो आबांचा आवाज.

चाळिशीत आबा काळी तीन या उंच पट्टीत गायचे. सप्ताहात पहाटेच्या काकड्याला त्यांनी पहिली ओळ उचलली की झोपलेली माणसं उठून बसायची. पन्नाशीनंतर ते पांढरी तीनवर आले, आता काळी एकवर आहेत. पेटीवाल्याला यात अडचण नाही, त्यानं हात डावीकडे सरकवला की झालं. खरी ओढाताण पखवाजाची होते. पखवाजाची शाई गायकाच्या षड्जाला मिळवलेली असते. काळी तीनला बांधलेला पखवाज एवढा खाली आणला की वाद्या सैल पडतात आणि तो बोदा वाजतो. मग मोठ्या तोंडाचा दुसरा पखवाज शोधा, टाळकऱ्यांमधल्या पोरांना सांगा की खालून म्हणा. एका माणसाचा गळा उतारवयाला लागला की सगळ्या मंडळाला त्याच्याबरोबर उतरावं लागतं.

आवडही गळ्याच्या मागोमाग उतरते, असं मला या दुकानात बसून दिसत आलं. पूर्वी आबांना एकाच अभंगावर अर्धा तास झटापट लागायची. आता ते म्हणतात, शब्द कळला पाहिजे. श्वास कमी पडू लागला, तशा ताना गळून गेल्या आणि शब्द पुढे आला. शब्दाची ही ओढ वयानं दिली की आखडलेल्या छातीनं, हे मला वेगळं काढता येत नाही, आणि काढावंसंही वाटत नाही. ते आता एखादी ओळ ज्या रीतीनं ठेवतात, तशी त्यांना काळी तीनच्या दिवसांत ठेवता येत नव्हती. मी दोन्ही ऐकलंय.

जे गळ्याचं तेच कानाचं, आणि ते मी स्वतःवर अनुभवलंय. दोन-सुरी पेटीत खर्ज आणि नर अशा सुरांच्या दोन ओळी असतात. वरून एक पट्टी दाबली की दोन्ही ओळी बोलतात. त्या तंतोतंत जुळलेल्या नसल्या तर आवाजात लहर येते, हवेवर हिंदकळल्यासारखी. जिभली टोकाला घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. लहर सावकाश होत होत थांबली, की सूर मिळाला. वडिलांनी मला पहिली दोन वर्षं फक्त ही लहर ऐकायला बसवलं होतं, हातात कानस दिली नव्हती.

पन्नाशी ओलांडल्यावर गिऱ्हाइकं सांगू लागली की मास्तर, वरचं सप्तक चिरकायला लागलंय. मला ते पटेना. माझ्या कानाला तर ते सप्तक मुकं, झाकलेलं वाटायचं, म्हणून मी त्याला अधिक धारदार करत होतो. वय झालं की माणसाचं ऐकणं आधी वरच्या टोकाकडून कमी होतं. सुराच्या माथ्यावर जी बारीक झार असते ती पहिल्यांदा जाते. ती माझी गेली होती, आणि जे मला ऐकू येत नव्हतं ते मी दुसऱ्यांच्या पेट्यांत भरत होतो. ज्या चार पेट्या तशा गेल्या त्या मी परत मागवून घेतल्या. तेव्हापासून वरचं सप्तक माझा पुतण्या मिळवतो, मी खालची दोन. तरुणांच्या गाण्याला 'नुसता कर्कश' म्हणणारा कुणी माझ्या वयाचा भेटला, की मला त्या चार पेट्या आठवतात. तो आणि त्याचा नातू एकच गाणं ऐकत नसतात.

वडील निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकले. त्यांचा जीव कव्वालीत आणि नाट्यपदांत. मी शाळेत असताना बुधवारी रात्री आठ वाजता शेजाऱ्यांच्या ओट्यावर रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला ऐकायला जायचो, आणि घरी आलो की वडील काही न बोलता मला जेवायला वाढायचे. त्यांच्या गप्प राहण्यातच सगळं असायचं. ती गीतमाला १९५२ साली सुरू झाली, त्याच काळात बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री होते आणि आकाशवाणीनं सिनेसंगीत जवळजवळ बाहेर ठेवलं होतं. देशाच्या कानाला वळण लावायचं म्हणून. लोक सिलोनकडे वळले. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली.

याच आकाशवाणीनं त्याआधी माझ्या वाद्यालाही दार लावलं होतं. १९४० साली पेटी नभोवाणीवरून बंद झाली. तिचे सूर ठोकळ्यासारखे पक्के, तिला मींड घेता येत नाही, श्रुती दाखवता येत नाहीत, शिवाय ती परदेशी, असे आक्षेप होते. रवींद्रनाथ टागोरांनाही ती नको होती. आक्षेप खोटे नव्हते. दोन स्वरांमधली जागा पेटीत नसतेच, हे मी रोज हातानं बघतो. पण आमच्या जालन्यात १९२२ साली जन्मलेले अप्पा जळगावकर तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे होते. सुरुवातीला गाणं शिकलेला हा माणूस पुढे पेटीकडे वळला, आणि गायकाच्या मागे सावलीसारखा राहून त्यानं ती नसलेली जागा भात्याच्या दाबावर आणि बोटांच्या सरकण्यावर ऐकणाऱ्याला भासवली. गायन, वादन, कथक, सगळ्या थोरामोठ्यांना त्यांची साथ हवी असायची. सुमारे तीन दशकांनी आकाशवाणीचं दार पेटीला पुन्हा किलकिलं झालं. २००० साली अप्पांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, २००९ मध्ये ते गेले. एका पिढीनं ज्या आवाजाला हिंदुस्थानी संगीताचा शत्रू ठरवलं, त्याच्याशिवाय आज ख्यालाची मैफल बहुतेकांना ओकीबोकी वाटते. हा बदल चर्चेनं घडला नाही. वाजवणाऱ्यांच्या हातांनी लोकांचे कान बदलले.

आणखी एका गोष्टीनं कान बदलले, ती म्हणजे माईक. वडिलांच्या काळात जलसेवाल्यांच्या पेट्या दुरुस्तीला यायच्या. बैलगाडीतून, एसटीच्या टपावरून फिरून बिजागऱ्या खिळखिळ्या झालेल्या, आणि काळी चार-पाचच्या पट्ट्या झिजून खड्डा पडलेल्या. मैदानात मागच्या बाईपर्यंत आवाज पोचवायचा तर वरच लावावं लागे. कर्णा आला, माईक आला, आणि पट्ट्यांवरची झीज हळूहळू डावीकडे सरकली. कुठली पिढी कुठे गात होती हे पेटीच्या पट्ट्या उलट्या करून पाहिलं तरी कळतं.

भीमगीतांमध्ये तर हा प्रवास एकाच घराण्यात दिसतो. वामनदादा कर्डकांनी लिहून, गाऊन गावोगाव पोचवलेली गाणी, मग प्रल्हाद शिंदे यांचा तो मोकळा, दाणेदार आवाज, मग आनंद आणि मिलिंद शिंदे यांच्या कॅसेटी, आणि आता आदर्श शिंदे. शिंद्यांच्या घरातले आजोबा, मुलं, नातू. आवाजाची जात ओळखू येते, पण भोवतीचा सगळा साज बदललेला. चौदा एप्रिलला जालन्यात मिरवणुकीत डीजेचा खालचा ठोका सुरू होतो, तेव्हा तो कानात न शिरता थेट बरगडीत शिरतो. मला तो सोसत नाही, मी दुकानाचं शटर ओढून घेतो. पण पुतण्या त्यात नाचून घामाघूम होऊन परत येतो आणि त्याच रात्री वामनदादांचं गाणं पेटीवर शोधत बसतो. ठोक्यानं गाणं मेलं, असं मी पूर्वी म्हणायचो. आता म्हणत नाही.

आपल्या तरुणपणीची गाणीच खरी, असं सगळ्यांना वाटतं. मानसशास्त्राचे अभ्यासक सांगतात की दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसात सगळ्यात दाट उरतात. सप्ताहात हे फार ठळक दिसतं. एखाद्या पोरानं अभंग सिनेमाच्या चालीवर घेतला, की म्हातारी माणसं टाळ खाली ठेवतात. आमचे आबा तर उठून बाहेर जातात. त्यांची स्वतःची आवडती एक गौळण आहे, तिची चाल त्यांना वडिलांकडून मिळाली. "आमच्या बापाची चाल," असं ते तिला म्हणतात. ती मी पहिल्यांदा ऐकली त्याच दिवशी ओळखली होती. ती एका जुन्या संगीत नाटकातल्या पदाची आहे. गोविंदराव टेंब्यांसारख्या पेटीवाल्यानं १९११ साली 'मानापमान'ला पूरब अंगाच्या ठुमरीवरून चाली दिल्या, त्या सगळ्या महाराष्ट्रभर झाल्या. नाटकांची पदं गावोगाव गेली, तिथून भजनात शिरली, आणि एका पिढीत परंपरा झाली. आबांच्या वडिलांच्या वेळीही कुणीतरी टाळ खाली ठेवून उठलं असेल. तीस वर्षं मी हे आबांना सांगितलं नाही. वडिलांची वस्तू आहे, आपण कशाला तिला हात लावायचा.

या आषाढीच्या आधी आबा नातवाला घेऊन आले. आनंदी स्वामींच्या पालखीला मंडळ जाणार होतं. पेटी चढली होतीच. नातवाला मात्र ती वेगळ्या कारणानं नीट करून हवी होती. मोबाइलवरच्या साथीशी ती जुळत नाही, म्हणाला. खरंच होतं. जुनी पेटी आजच्या चारशे चाळीसच्या मापापेक्षा किंचित वर मिळवलेली आहे. माझ्या वडिलांनीच ती तशी ठेवली होती, झाकणाच्या आत पेन्सिलीनं त्यांची नोंद आहे. मी विचारलं, सगळे सूर घासून खाली आणू का? पोरगा थोडा थांबला आणि म्हणाला, "नको, मोबाइलचीच पट्टी वर घेता येते." मला त्याचं फार बरं वाटलं.

मी भात्याचं चामडं चिकटवत होतो. आबा काळी एकवर हलक्या आवाजात गौळण म्हणत होते. पोरानं मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला, काहीतरी शोधलं, आणि दुकानात एकदम जुन्या तबकडीची खरखर सुरू झाली. त्या खरखरीतून तेच पद आलं. मी मान वर केली नाही.

आबा शेवटपर्यंत ऐकत राहिले. हात कानामागे होता.

"बघा मास्तर," ते म्हणाले, "हा गडी आमच्या बापाची चाल म्हणायलाय."

"हो," मी म्हटलं. "पण फार वरून."

"मग उतरव की रे त्याला," ते नातवाला म्हणाले, आणि पेटी माझ्यासमोरून आपल्याकडे ओढून घेतली.