जमावाचा सूर

आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी दिवसभराची चाल संपवून मुक्कामाच्या तळावर येते, दिंड्या तिच्याभोवती वर्तुळाकार उभ्या राहतात, टाळमृदंगांचा कल्लोळ टिपेला पोहोचतो, आणि त्या क्षणी चोपदार आपला दंड उंच करून दीर्घ स्वरात 'हो' म्हणतो. त्यासरशी तो अवघा तळ निःशब्द होतो. ज्या दिंडीला काही गाऱ्हाणे मांडावयाचे असेल ती मात्र टाळ वाजवीत राहते. चोपदार तिकडे जातो, तक्रार ऐकून घेतो, तिचा निवाडा होतो, हरवल्या-सापडल्या जिनसांची दवंडी होते, उद्याच्या प्रस्थानाची वेळ जाहीर होते, आणि मग आरती सुरू होते. या विधीला वारकरी 'समाजआरती' म्हणतात. समूहगायन शिकविण्यात अडतीस वर्षे घालविलेल्या माझ्यासारख्या शिक्षकाला त्यातला 'समाज' हा शब्द फार मोलाचा वाटत आला आहे. कारण तितकीच माणसे दुसऱ्या एखाद्या मैदानात उभी राहिली तर कचेरीच्या दप्तरात त्यांची नोंद 'जमाव' या शब्दाने होते, आणि जमावाच्या मागोमाग बंदोबस्त, मनाई आणि पांगविण्याचा हुकूम हे शब्द येतात. माणसे तीच, एका ठिकाणी ती समाज ठरतात आणि दुसऱ्या ठिकाणी जमाव. हा पालट ज्या साधनांनी घडतो त्यांपैकी एक साधन मला थोडेफार अवगत आहे, म्हणून हा लेख.

राष्ट्रीय सणाचा वृत्तान्त देताना 'उपस्थितांनी उत्स्फूर्तपणे गायन केले' असे वर्तमानपत्रे लिहितात. माझ्या उभ्या आयुष्यात असे उत्स्फूर्त गायन मी एकदाही पाहिलेले नाही. जे तसे भासले त्याच्या मुळाशी प्रत्येक वेळी कोणीतरी, कोठेतरी, पुष्कळ दिवस आधी, एकेक ओळ म्हणून दाखवून आणि म्हणवून घेऊन केलेले अध्यापन होते. मग तो शिक्षक असो, घरातली आजी असो, की देवळातला भजनीबुवा असो. गणपतीच्या आरतीला अनोळखी माणसेही एका सुरात मिळतात याचे कारण ती चाल प्रत्येकाच्या कानावर पाळण्यापासून पडलेली असते. मैदानावरच्या राष्ट्रगीताला तो भाग्ययोग आपोआप लाभत नाही.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मला हे फार कष्टाने समजले. जिल्ह्याच्या ठिकाणी प्रजासत्ताकदिनी अनेक शाळांतील दोन हजारांवर मुले आणि तितकेच नागरिक यांच्याकडून राष्ट्रगीत म्हणवून घेण्याचे काम माझ्याकडे आले. मी स्वतः तेव्हा पांढरी चारात गात असे, आणि तोच स्वर षड्ज म्हणून मी सर्वांना दिला. राष्ट्रगीताची चाल षड्जाच्या आसपास सुरू होऊन शेवटच्या जयकारात तार षड्जाला स्पर्श करते. म्हणजे जवळजवळ पूर्ण सप्तकाचा पल्ला तिला लागतो. आरंभी सारे ठीक चालले, परंतु जो जयकार सर्वांत भरदार व्हावयाचा त्याच जागी प्रौढांचे आवाज एकदम बंद पडले, मुलांचे किंचाळण्यावर आले, आणि मागच्या रांगा तर पुढच्यांच्या अर्धी मात्रा मागे राहून आपापले वेगळेच गीत म्हणत राहिल्या. ध्वजाखाली उभा राहून ते ऐकताना मला झालेली वेदना आजही कमी झालेली नाही. लोकांना गाता येत नाही असे त्या दिवशी कित्येक जण म्हणाले. वस्तुतः लोकांनी काहीच चुकविले नव्हते; माझा षड्ज चुकला होता आणि मैदानाचे गणित मी केले नव्हते.

ते गणित सोपे आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मिनिटाला साठ मात्रांची लय धरली तर प्रत्येक मात्रा एक सेकंदाची, आणि १७० मीटर दूर उभ्या असलेल्या माणसाच्या कानी व्यासपीठावरची मात्रा अर्ध्या सेकंदाने पोहोचते. तो कानाने ऐकून प्रामाणिकपणे ताल धरतो आणि म्हणूनच मागे पडतो. त्याचा आवाज पुन्हा पुढे येईपर्यंत आणखी अर्धा सेकंद जातो, त्यामुळे पुढचेही संभ्रमात पडून लय ओढू लागतात. यावर उपाय एकच, कानाऐवजी डोळ्याने ताल देण्याचा: उंच जागी उभा राहिलेला, सर्वांना दिसणारा हात. त्याच्या जोडीला रांगारांगांतून पेरलेले, पाठांतर पक्के असलेले पन्नास-शंभर गाणारे. आणि षड्ज पांढरी एकचा, फार तर काळी एकचा. त्यावर एक स्वरही नाही. या तीन गोष्टी सांभाळल्या की सामान्य माणसांच्या गळ्यांतील लहानसहान बेसूरपणा संख्येतच विरून जातो, कोणी किंचित चढा, कोणी किंचित उतरा, आणि त्या सर्वांच्या मध्यातून असा एक रुंद, भरीव स्वर निघतो की जो एकट्या गवयाच्या गळ्यातून कधीही निघणार नाही.

वारीने मात्र हे सारे शास्त्र आमच्या कितीतरी आधी जाणले होते. हैबतबाबा आरफळकर हे शिंद्यांच्या पदरचे सरदार. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी पालखी सोहळ्याला आजचे स्वरूप दिले, आणि लष्करी मनुष्याच्या नजरेने त्यांनी जी व्यवस्था बसविली ती संगीताच्या दृष्टीनेही निर्दोष आहे. कित्येक मैल पसरलेल्या प्रवाहाने एका तालात गावे असा हट्ट तेथे नाही. रथापुढील आणि रथामागील दिंड्यांना क्रमांक आहेत, प्रत्येक दिंडीचा स्वतंत्र वीणेकरी, स्वतंत्र मृदंग, स्वतंत्र टाळकरी. टाळकऱ्यांच्या एका रांगेने चरण म्हणावा, दुसरीने तो उचलावा, म्हणजे एकीला गाताना दुसरीला श्वास घेता येतो, आणि म्हणून अठरा-वीस दिवस चालत गाऊनही गळा बसत नाही. ध्वनीला ओलांडता येणार नाही एवढे अंतर एका दिंडीत कधी पडतच नाही.

शाहिरांची रीत निराळी, पण तितकीच शहाणपणाची. पोवाड्याचा कठीण भाग, शब्दांची गर्दी आणि कथानकाची चढण शाहिराने एकट्याने पेलावयाची. झीलकऱ्यांनी झील धरावयाची. आणि तीच झील हळूहळू श्रोत्यांच्या ओठांवर जावयाची. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले, आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याच शाहिरांनी मैदाने गाजविली, ती या श्रमविभागणीच्या बळावर. गिरणीतून सुटून आलेल्या कामगाराला संपूर्ण पोवाडा पाठ असण्याची गरज नव्हती. त्याला झील ठाऊक असली की पुरे, तेवढ्याने तो श्रोत्याचा गायक होत असे. त्याआधी १८९४ पासून पुण्याच्या सार्वजनिक गणेशोत्सवात जे मेळे निघू लागले त्यांचेही मर्म हेच होते. आळीतली पोरे महिनाभर आधीपासून तालीम करीत, आणि इंग्रज सरकारला त्या पदांचे भय वाटून मेळ्यांवर निर्बंध आले यात नवल काही नाही. जो जमाव एकत्र गाऊ शकतो तो एकत्र राहूही शकतो, हे राज्यकर्त्यांना गायनमास्तरांच्या आधी कळते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण मात्र आपल्या देशाबाहेरचे, बाल्टिक समुद्राकाठच्या एस्टोनियाचे आहे. पंधरा लाखांच्या आतबाहेर लोकसंख्येचा तो देश. तेथे १८६९ मध्ये टार्टू नगरात पहिला गीतमहोत्सव भरला आणि सुमारे आठशे गायक एकत्र आले. रशियाच्या झारचे राज्य होते तेव्हाही, मधल्या स्वातंत्र्याच्या काळातही, आणि सोव्हिएत अमलातही तो महोत्सव काही वर्षांच्या अंतराने भरत राहिला. लिडिया कोइडुला या एकोणिसाव्या शतकातील कवयित्रीच्या मातृभूमीवरील कवितेला गुस्ताव एर्नेसाक्स यांनी १९४४ मध्ये नवी चाल दिली; १९४७ च्या महोत्सवात ती गायिली गेली, नंतर कार्यक्रमपत्रिकेतून वगळण्यात आली, आणि १९६० मध्ये तालिनच्या मैदानावर, पत्रिकेत नसताना, गायकांनी ती म्हटली. सप्टेंबर १९८८ मध्ये त्याच मैदानावर लाखोंचा समुदाय जमला. २० ऑगस्ट १९९१ रोजी देश पुन्हा स्वतंत्र झाला. त्या पर्वाला जग 'गाणारी क्रांती' म्हणते आणि बहुतेक लेखक त्या गीताच्या तेजाचे वर्णन करून थांबतात. माझे लक्ष मात्र दुसरीकडे जाते. गावोगावच्या शाळांत आणि मंडळांत वर्षानुवर्षे तीच गीते, त्याच स्वरलेखनातून, अनेक स्वरपंक्तींत घोकली जात होती, म्हणून मैदानावर उभ्या असलेल्या माणसाला शेजाऱ्याचे नाव ठाऊक नसतानाही त्याने कोणता स्वर धरावयाचा हे ठाऊक होते. फ्रान्समध्येही १७९४ च्या जूनमधील महोत्सवासाठी पॅरिसच्या संगीतकारांना शहराच्या पेठापेठांत जाऊन नागरिकांकडून स्तोत्र घोटवून घ्यावे लागले होते. क्रांतीचा उत्साह अपार असला तरी चाल शिकविल्यावाचून येत नाही.

आपल्या राष्ट्रगीताच्या निवडीतही गायनाचा हा प्रश्न मोठा होता, आणि त्या प्रसंगी एका मराठी संगीतकाराने जे श्रम केले त्यांचे स्मरण पुरेसे होत नाही. 'वंदे मातरम्' समूहाला गाण्याजोगे नाही आणि वाद्यवृंदावर बसत नाही, असा आक्षेप होता. भास्करबुवा बखल्यांचे शिष्य मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी तो मुद्दाच अंगावर घेतला. झिंझोटीत साधी, सर्वांना पेलेल अशी चाल बांधली, बँडसाठी तिची स्वरलिपी सिद्ध करविली, आणि दिल्लीत घटना समितीच्या सदस्यांसमोर प्रात्यक्षिके दिली. २५ ऑगस्ट १९४८ रोजी पंडित नेहरूंनी घटना समितीत केलेल्या निवेदनात राष्ट्रगीतामध्ये शब्दांपेक्षा चालीचे महत्त्व अधिक आहे अशी भूमिका घेतली. २४ जानेवारी १९५० रोजी 'जन गण मन' राष्ट्रगीत ठरले आणि 'वंदे मातरम्' ला समान सन्मान मिळाला. निर्णयाविषयी कोणाचे मत काहीही असो. ख्याल गाणारा एक थोर गवई आपली सारी विद्या बाजूला ठेवून शिपायाला आणि शाळकरी मुलाला जमेल अशी चाल शोधीत बसतो, याला मी देशसेवा म्हणतो.

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. गायन जसे माणसांना जोडते तसे न गाणाऱ्याला एकटे पाडण्याचे हत्यारही होऊ शकते. केरळातील तीन मुले आपल्या धर्मश्रद्धेमुळे राष्ट्रगीत गात नसत, परंतु ते चालू असताना आदराने उभी राहत. त्यांना शाळेतून काढण्यात आले, आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती हकालपट्टी रद्द केली. मी तो निकाल मनःपूर्वक मान्य करतो. ज्याच्याकडून सक्तीने गाववून घेतले जाते त्याच्या गळ्यातून फक्त भीती बाहेर पडते, आणि समाजआरतीत गाऱ्हाणे असलेल्या दिंडीचा टाळ कोणी हिसकावून घेत नाही.

आजचे संकट मात्र सक्तीचे नसून मौनाचे आहे. ध्वनिमुद्रित राष्ट्रगीत लावले जाते, कर्ण्यातून निष्णात गायकांचे आवाज आणि वाद्यवृंद मैदानभर पसरतो, आणि हजार माणसे सावधान उभी राहून ५२ सेकंद ते ऐकतात. १९ फेब्रुवारी २०२३ पासून राजा बढे यांचे, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले आणि शाहीर साबळे यांनी गायिलेले गीत आपले राज्यगीत झाले. तेही बहुतेक ठिकाणी यंत्रातूनच ऐकू येते. शाहीर साबळ्यांचा तो आवाज मला प्राणप्रिय आहे. पण तो आवाज ऐकून थांबण्यासाठी नव्हता, त्याच्यामागून गाण्यासाठी होता. राष्ट्रगीताविषयीचे केंद्र सरकारचे जे आदेश आहेत त्यांत सार्वजनिक समारंभांतील समूहगायनासाठी पुरेसा मोठा गायकवृंद योग्य जागी उभा करावा, त्याला बँडशी जुळवून गाण्याचे शिक्षण द्यावे, आणि निरनिराळ्या विभागांतील उपस्थितांना त्याच्याबरोबर गाता यावे अशी ध्वनिव्यवस्था असावी, असे स्वच्छ लिहिले आहे. म्हणजे कर्णा हा गाणाऱ्यांच्या मदतीसाठी आहे, त्यांच्या बदली नाही. नवा कायदा नको, नवा निधी नको. जो शिरस्ता कागदावर आहे तो मैदानावर आणावयाचा आहे.

म्हणून हा अंक हाती घेतलेल्या प्रत्येक मुख्याध्यापकाला, ग्रामपंचायतीच्या सरपंचाला आणि गृहनिर्माण संस्थेच्या चिटणीसाला माझी विनंती आहे. गावातली वीस मुले आणि दहा मोठी माणसे निवडा, त्यांना पांढरी एकचा षड्ज द्या, यंत्र बंद ठेवा आणि एकेक ओळ तोंडाने म्हणवून घ्या. दिवाळीपासून २६ जानेवारीपर्यंत दोन महिन्यांहून अधिक अवधी असतो. रोज दहा मिनिटे त्याला पुरेशी आहेत.